‘दे इकडे, मी घेते’: बाळंतपणानंतरचं डिप्रेशन आणि मायलेकींचं जुळणं

प्रश्न: आम्ही नागपूरला मानेवाड्याकडे राहतो. सुनेचं सिझेरियन होऊन मुलगी झाली, त्याला आता आठ महिने झाले. दुसऱ्या महिन्यापासून सून गप्प गप्प राहू लागली. रडायची, रात्री जागी राहायची, बाळाकडे बघायचीही नाही. आम्हाला वाटलं, माहेरची आठवण येत असेल. चौथा महिना संपता संपता डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी डिप्रेशन सांगितलं, गोळ्या सुरू केल्या. आता ती जेवते, झोपते, मुलगा ऑफिसातून आला की त्याच्याशी बोलते. पण नात तिच्याकडे जातच नाही. माझ्याच कडेवर राहते. सुनेने घेतलं की रडते, आणि सून म्हणते, ‘आई, तुम्हीच घ्या.’ त्यांचं नातं बिघडलं का? नातीच्या मनावर याचा कायमचा परिणाम होईल का? माझं काही चुकते का?

उत्तर:

काकू, आधी नातीच्या वयाबद्दल बोलू, कारण तुमच्या काळजीतला अर्धा घोळ तिथेच आहे. सातव्या ते नवव्या महिन्यात बाळाला माणसं नीट ओळखू येऊ लागतात आणि त्याबरोबर आवडनिवडही येते. ज्याच्या कडेवर दिवस जातो त्याला ते घट्ट चिकटतं, बाकीच्यांकडे जाताना भोकाड पसरतं. पुण्याला नोकरी करणारा बाप पंधरा दिवसांनी घरी येतो आणि त्याचं स्वतःचं पोरगं त्याला बघून रडतं, हे तुम्ही पाहिलं असेलच. त्या घरात कोणाला डिप्रेशन नसतं. तेव्हा नात सुनेकडे रडते याचा एक सरळ अर्थ असा की तिची वाढ वेळेवर होऊन राहिली आहे. गेले काही महिने तुम्ही तिचं घर झालात, एवढंच ती सांगते.

ग्लासगोत शाफर आणि इमर्सन या दोघा संशोधकांनी साठ बाळांचा दीड वर्षाची होईपर्यंत माग काढला होता. १९६४ साली ते काम छापून आलं. जुनं आहे, पण मी अजून घरच्या माणसांना सांगते. त्यात दोन गोष्टी दिसल्या. बहुतेक बाळांची ओढ एकाच माणसाशी न राहता दोन-तीन माणसांशी जडली. आणि ती कोणाशी जडली? दूध पाजणारा, लंगोट बदलणारा यापेक्षा जो बाळाच्या हाकेला ओ देतो, त्याच्याशी. म्हणजे नात तुमची झाली म्हणून ती आईची होऊ शकत नाही असं काही नाही. तिच्या मनात दोघींना पुरेल एवढी जागा आहे.

आता त्या मधल्या दोन-तीन महिन्यांकडे येऊ, कारण तिथे काहीच झालं नाही असं मी म्हणणार नाही.

दीड-दोन महिन्यांचं बाळ हसायला लागतं, ‘अं-गू’ करतं. आई आपोआप उत्तर देते, ‘काय गं, काय म्हणून राहिली? भूक लागली?’ बाळ ऐकतं, थांबतं, परत ‘अं-गू’. आईचा आवाज त्या वेळी उंच होतो, लांबतो, भुवया वर जातात. हे कोणी शिकवत नाही. दिवसातून शंभरदा हे होतं, कोणी मोजत नाही, आणि नातं यातूनच विणलं जातं. डिप्रेशनमध्ये नेमकं हेच सुटतं. आई बाळाचा आवाज ऐकते, पण उत्तर आतून वर येत नाही. आलंच तर उशिरा येतं, आवाज सपाट असतो, चेहरा हलत नाही. अंगात जडपणा एवढा की पाण्याचा पेला उचलायला जीवावर येतं, तिथे बाळाला बोबडे बोल कुठून आणणार! बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, हिला माया नाही. माया असते. ती चेहऱ्यापर्यंत पोचत नाही, आणि बाळाला वाचता येतो तो फक्त चेहरा.

एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात एक साधा प्रयोग केला. आईने बाळाशी नेहमीसारखं खेळायचं, मग दोन-तीन मिनिटं चेहरा निर्विकार ठेवून नुसतं बघत राहायचं. बाळ आधी हसून बघतं, मग हात पसरतं, आवाज काढतं, आणि काहीच चालत नाही असं दिसल्यावर तोंड फिरवतं, रडतं. मोबाइलवर फिरणारे याचे व्हिडिओ बघून कितीतरी आया माझ्याकडे रडत आल्या आहेत. ‘मी तर चार महिने असाच चेहरा घेऊन होती, मॅडम.’ लोक प्रयोगाचा पहिला भाग सांगतात आणि दुसरा विसरतात. आई परत हसायला लागते तेव्हा बाळ थोडा वेळ रुसतं, आडून बघतं, आणि परत खेळायला येतं. ट्रॉनिक यांच्याच निरीक्षणात आणखी एक गोष्ट होती: अगदी सुखी मायलेकरांचाही सूर सगळा वेळ जुळलेला नसतो. जेमतेम तीनात एक वेळा जुळतो. बाकीचा वेळ चुकणं आणि परत धरणं यातच जातो. डिप्रेशनमध्येही सूर चुकतो, पण तिथे तो परत धरणारं कोणी उरत नाही, आणि नुकसान तिथून सुरू होतं.

तुमची सून गप्प राहणाऱ्यांपैकी. सगळ्या जणी अशा नसतात. काहींचं डिप्रेशन उलट्या बाजूने बाहेर पडतं. बाळ तोंड फिरवतं तरी चमचा ढकलत राहायचा, झोपलं तर श्वास चालू आहे ना म्हणून हलवून बघायचं, खेळणं हातात दिलं की लगेच दुसरं नाचवायचं, सारखी चिडचिड, सारखी घाई. अशा बाईला घरचे आजारी समजतच नाहीत, कारण ती दिवसभर करत असते. ‘लेकराचं किती करते बापा!’ आणि तिसऱ्या जणी असतात, ज्यांचं सगळं यंत्रासारखं नीट चालतं. आंघोळ वेळेवर, लस वेळेवर, कपडे इस्त्रीचे. अशी एक शिक्षिका माझ्यासमोर बसून म्हणाली होती, ‘मॅडम, मी याचं सगळं करून राहिली, पण मला असं वाटते का मी शेजारणीचं पोरगं सांभाळून राहिली.’ हे वाक्य तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. आई होऊन असं वाटणं म्हणजे पाप, अशी तिची खात्री होती.

म्हणून तुमच्या सुनेच्या ‘आई, तुम्हीच घ्या’ या शब्दांकडे परत बघा. तुम्हाला त्यात नको असणं ऐकू येतं. मला त्यात लाज ऐकू येते. तिला आठवतं की ती त्या महिन्यांत बाळाकडे बघत नव्हती. आता ती बघायला लागली, तर बाळ तिच्याकडे बघून रडतं. तिला वाटतं, हिने मला ओळखलं, हिला कळलं की मी कशी आई होती. मग ती हात आखडते. तिने हात आखडला की नात आणखी तुमच्याकडे झुकते, आणि सुनेला पुरावा मिळतो. हे चक्र औषधाच्या गोळीने फिरत नाही.

इथे मी थोडी अडखळून बोलते, कारण माझ्याच व्यवसायाची ही चूक आहे. बरीच वर्षं आम्ही असं धरून चाललो की आईचा आजार बरा केला की बाळाशी नातं आपोआप सुधारेल. अमेरिकेत आयोवा इथे हे तपासलं गेलं, २००७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. संवादाच्या उपचाराने आयांचं डिप्रेशन कमी झालं, तरी दीड वर्षाने पाहिलं तर आपल्या मुलाशी असलेल्या ओढीबद्दल त्या अजून खट्टूच होत्या. मन आधी बरं होतं, नातं मागून येतं, आणि त्याच्यासाठी वेगळे कष्ट लागतात. तुमच्या घरात नेमका हाच टप्पा आला आहे. याचं दुसरं टोकही सांगते. काही आया खोल डिप्रेशनमध्ये असूनही बाळाला पोटाशी धरून बसतात. तेवढीच एक दोरी त्यांच्या हातात असते. आणि काहींना डिप्रेशन मुळीच नसतं, तरी पहिले काही आठवडे माया वाटत नाही. म्हणजे डिप्रेशन आणि जिव्हाळा या दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतात, म्हणून ब्रॉकिंग्टन या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाने २००१ साली फक्त आई-बाळाच्या जिव्हाळ्यासाठी पंचवीस प्रश्नांची वेगळी यादी केली. डिप्रेशनसाठी १९८७ पासून एडिनबर्गची दहा प्रश्नांची यादी वापरतात, तुमच्या डॉक्टरांनी तीच भरून घेतली असेल. आपल्याकडे ती नुसती भाषांतर करून विचारली तर फसते, हे जाता जाता. ‘उदास वाटतं का?’ विचारलं की बाई ‘नाही जी’ म्हणते. ‘करमते का?’ विचारलं की डोळे भरतात.

आता कायमच्या परिणामाचं. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या आसपास १९९१-९२ मध्ये बाळंत झालेल्या हजारो बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा मागोवा आजही चालू आहे. त्यातून २०१८ मध्ये निघालेला निष्कर्ष असा: ज्या आयांचं डिप्रेशन तीव्र होतं आणि दुसऱ्या महिन्यातही होतं, आठव्या महिन्यातही होतं, त्यांच्या मुलांमध्ये साडेतीन वर्षांच्या वयात वागण्याच्या तक्रारी, सोळाव्या वर्षी गणितात कमी गुण आणि अठराव्या वर्षी स्वतःचं डिप्रेशन याचं प्रमाण जास्त दिसलं. यातले दोन शब्द धरून ठेवा, तीव्र आणि टिकलेलं. ज्यांचं लवकर ओसरलं त्यांच्या मुलांचा धोका तितका वाढलेला नव्हता. गोव्यात मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेलं काम आपल्या जास्त जवळचं आहे. तिथे तेवीस टक्के आयांना बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांत डिप्रेशन आढळलं, आणि त्यांच्या बाळांचं सहाव्या महिन्यातलं वजन कमी भरण्याची शक्यता इतरांपेक्षा दुपटीहून जास्त होती. मुलगा हवा असताना मुलगी होणं आणि नवऱ्याची मारहाण यांचा आजाराशी संबंध तिथे स्पष्ट दिसला. तुमच्या घरी तसं काही नसेल. तरी ‘पहिली बेटी, धनाची पेटी’ हे कोणी कोणत्या सुरात म्हटलं, ते बाळंतिणीला पाठ असतं, एवढं लक्षात असू द्या.

तुमच्या सुनेचा आजार अडीच-तीन महिने अंगावर निघाला आणि मग उपचार मिळाले. लांबलेलं डिप्रेशन असलेल्या आयांवर इंग्लंडमध्येच पुढे उपचारांची चाचणी झाली, बोलण्याच्या उपचारांनी बहुतेकींचं डिप्रेशन उतरलं, आणि त्यांची मुलं दोन वर्षांची झाली तेव्हा त्यांची भाषा, वागणूक, आईशी ओढ ही चारचौघांसारखीच निघाली. त्यांच्या तुलनेत तुम्ही लवकर पोचलात. आणि त्या काळात नातीला ओ देणारं कोणीच नव्हतं असंही नाही. तुम्ही होतात. तिच्या वाटणीचे शंभर ‘अं-गू’ तुम्ही झेललेत.

यातूनच तुमचा तिसरा प्रश्न येतो, आणि त्याचं उत्तर मला सावकाश द्यायचं आहे.

भरलेलं घर बाळाला वाचवतं. पण तेच घर आईला नकळत बाजूला सारतं. इतवारीतल्या एका घरची गोष्ट सांगते, ओळख बदलून. सासू, दोन जावा, एक नणंद, सगळ्या बाळावर जीव टाकणाऱ्या. बाईला डिप्रेशन आलं तेव्हा सगळ्यांनी एकच केलं, तिला आराम दिला. बाळाची मालिश जाऊबाईंनी, आंघोळ सासूबाईंनी, झोपवणं नणंदेने. दूध पाजायच्या वेळी बाळ तिच्या मांडीवर यायचं आणि पोट भरलं की ‘दे इकडे, मी घेते’. पाचव्या महिन्यात दूध आटलं, तेव्हा तेवढंही गेलं. ती मला म्हणाली, ‘मी त्या घरात फक्त दुधाची पिशवी होती. आता ती पण रिकामी झाली.’ कोणीही तिला वाईट बोललं नव्हतं. प्रत्येकीने प्रेमानेच तिच्या हातातून बाळ घेतलं होतं. गोळ्यांनी तिला झोप लागली, भूक लागली, पण बाळाशी गाठ काही बसेना. मी बरेच सल्ले दिले, फारसा उपयोग झाला नाही. शेवटी झालं काय, सासूबाईंच्या बहिणीचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि त्या पंधरा दिवस अमरावतीला गेल्या. एक जाऊ माहेरी होती. नवऱ्याने सुट्टी घेतली. बाळ चार दिवस रडलं, पाचव्या दिवशी आईच्या खांद्यावर झोपलं. पुढच्या भेटीत ती मला बाळाच्या दाताबद्दल सांगत होती, स्वतःबद्दल एक अक्षर नाही. मी मनातल्या मनात त्या गुडघ्याचे आभार मानले.

तुम्ही अमरावतीला जावं असं मी म्हणत नाही. अशी एकदम माघार नातीवर अन्याय करेल. आठ महिन्यांच्या बाळाच्या नजरेतून तुम्ही नाहीशा झालात तर तिला आईही नको होईल. उलट, तुम्ही समोर हव्यात, फक्त हात दुसऱ्या कामात हवेत. या वयात बाळ नवीन माणसाकडे जाण्याआधी ओळखीच्या माणसाचा चेहरा बघतं, ‘जाऊ का?’ विचारल्यासारखं. तेव्हा खोलीत खाली बसा, चवळीच्या शेंगा मोडत राहा, आणि सुनेकडे बघून हसून बोला. नात ते वाचते. तुमच्या कपाळावर ‘आता रडेल बरं का’ लिहिलेलं असेल, तर तेही वाचते.

सुनेला कोणतं काम परत द्यायचं, हे जरा विचाराने ठरवा. भरवणं नको. आठव्या महिन्यात नाचणीची खीर असो की वरण-भात, ती लढाईच असते, आणि तिला सध्या हरण्याचा आणखी एक अनुभव नको आहे. रात्रीचं झोपवणंही नको, कारण झोपेच्या वेळी नात हटकून तुम्हाला मागेल. माझी पसंती संध्याकाळच्या तेलाला. आंघोळीआधीची जोरकस मालिश तुमची मालिशवाली बाई करत असेल तर करू द्या. संध्याकाळी हलक्या हाताने हातापायांना तेल सुनेने लावायचं. बाळाचं पोट भरलेलं असतं, झोप झालेली असते, अंग उघडं असतं, आणि आई-बाळ समोरासमोर असतात. शब्द सापडले नाहीत तरी हात चालू राहतात. सुरुवातीला दहा मिनिटं पुरेत. मोबाइल दुसऱ्या खोलीत.

या दहा मिनिटांत खेळवायचा प्रयत्न करू नको, असं मी आयांना सांगते. तिने बाळामागे जायचं. नातीने वाटी आपटली तर ‘आपटली! कशी वाजली?’ नातीने ‘ब्ब’ केलं तर आपणही ‘ब्ब’. तिने तोंड फिरवलं तर वाट बघायची. तोंड फिरवणं म्हणजे रुसणं नव्हे, एवढ्याशा डोक्याला मधे मधे विसावा लागतो. आमच्याकडे ओपीडीत आम्ही असा तीन-चार मिनिटांचा खेळ मोबाइलवर टिपतो आणि आईबरोबर बसून बघतो. चुका दाखवत नाही. जिथे बाळ आईकडे बघून थांबलं, तिथे व्हिडिओ थांबवतो. ‘ही माझ्याकडे बघत होती? मला तर दिसलंच नाही’, हे मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता तो क्षण आला की मी खुर्ची जरा मागे घेते. घरी मुलगा हे करू शकतो. फक्त त्याने तो व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर टाकू नये.

नात रडेल, आणि तुमची खरी परीक्षा तेव्हा आहे. तुमचे हात आपोआप पुढे जातील, आठ महिन्यांची सवय आहे. उचलू नका. सुनेजवळ जाऊन बसा आणि नात तिच्या मांडीवर असतानाच तिच्या पाठीवरून हात फिरवा. नात शांत झाली तर ती आईच्या मांडीवर शांत झाली, हे तिघींनाही कळू द्या. फारच अनावर झाली आणि सून म्हणाली घ्या, तर घ्या, पण पाच मिनिटांनी परत द्या. आणि ‘अशी नाही, मान धर’ हे तोंडातून येऊ देऊ नका. तिची पद्धत तुमच्यापेक्षा वेगळी असेल, दुपटं वाकडं गुंडाळलं जाईल. असू दे. शेजारच्या येऊन ‘ही तर आजीचीच लेक हो’ म्हणतील, गमतीत. त्यांना थांबवणं तुमचं काम, कारण सून थांबवू शकत नाही. ‘आता तिच्या आईने तेल लावलं की कशी खुश असते’ असं एखादं वाक्य तुम्ही पाहुण्यांसमोर बोललात, तर त्याचं वजन माझ्या चार भेटींपेक्षा जास्त पडेल.

किती दिवस? तीन-चार आठवड्यांत रडणं कमी झालेलं दिसायला हवं. दिसलं नाही तर डॉक्टरांना तसं सांगा, सून पूर्ण बरी झालेली नसण्याची शक्यता आहे. आणि हे उन्हाळ्यात वाचत असाल तर आणखी एक. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो, खिडक्या बंद, दिवसभर कूलरची घरघर, बाळंतीण सकाळपासून त्याच खोलीत. बऱ्या बाईलाही त्यात कोंडल्यासारखं होतं. सूर्य कलल्यावर दोघींना गच्चीवर, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊ द्या. बाहेर चाललेल्या आईच्या कडेवर मुलं कमी रडतात, बघायला गायी असतात, ऑटो असतात.

औषधांचं थोडक्यात. सून आता बरी दिसते म्हणून गोळ्या बंद करू नका, एकदम तर नाहीच. पहिल्याच वेळेचा आजार असेल तरी बरं वाटल्यावर सहा महिने ते वर्षभर चालू ठेवतात. ती अंगावर पाजत असेल आणि कोणी घाबरवलं असेल, तर डॉक्टरांना औषधाचं नाव घेऊन विचारा. उदाहरणार्थ सर्ट्रालिन दुधात फार थोडं उतरतं, आणि बहुतेक आया ते घेत असताना पाजू शकतात. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासलं नसेल तर तपासा. बाळंतपणानंतरच्या वर्षात शंभरातल्या पाचेक बायकांचं थायरॉइड बिघडतं, आणि त्यातला थकवा हुबेहूब डिप्रेशनसारखा दिसतो. गोळ्या चालू असताना तिची झोप एकदम कमी झाली, बोलणं सुसाट सुटलं, मोठमोठे बेत सुरू झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. तो वेगळा आजार असू शकतो.

एक वाक्य मात्र कान देऊन ऐका: ‘मी नसले तरी बाळ तुमच्याकडे छान राहील.’ हे कौतुक समजून सोडून देऊ नका. ज्या घरात बाळ आजीकडे सुखात आहे, त्याच घरात हा विचार आईच्या मनात सहज मूळ धरतो, कारण तिला तो खरा वाटतो. असं काही ऐकलंत तर सरळ विचारा, ‘जीव द्यावा असं मनात येते का गं?’ विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, उलट तिला बोलायला जागा मिळते. उत्तर हो असेल तर तिला एकटी सोडू नका आणि त्याच दिवशी दाखवा. रात्र असेल तर आपल्या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात कॅज्युअल्टीत जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. मेयो रुग्णालयात आणि मिहानच्या एम्समध्येही मनोविकार विभाग आहेत. बाळाला इजा होईल असे विचार मनात घुसतात असं ती म्हणाली तर दचकून बाळ हिसकावू नका. असे विचार पुष्कळ आयांना येतात, त्यांनाच त्याची सगळ्यात जास्त भीती वाटते, आणि त्या स्वतःहून सुऱ्या उचलून ठेवतात. ती भ्रमात बोलत असेल, तिला आवाज ऐकू येत असतील, बाळ कोणीतरी बदललं म्हणत असेल, तर मात्र थांबू नका. हजारात एक-दोघींना बाळंतपणानंतर, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच, हे होतं. जुन्या बायका बाळंतवारा म्हणायच्या आणि भगताकडे न्यायच्या. ती तातडीची वेळ असते. अशा वेळी भरती करावं लागलं तरी २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात सोय आहे की तीन वर्षांखालचं मूल साधारणपणे आईपासून तोडायचं नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या मनोविकारांच्या राष्ट्रीय संस्थेत तर आई-बाळाला एकत्र ठेवणारा वेगळा वॉर्डच आहे. विदर्भात तसा असावा, ही माझी जुनी तळमळ आहे, पण तो विषय इथे नको.

तुमच्या पत्रात मुलगा एकदाच येतो, ऑफिसातून घरी येताना. तो कसा आहे? दहातल्या एका बापालाही या काळात डिप्रेशन येतं, आणि बायको आजारी असेल तर शक्यता वाढते. तो रात्री उशिरापर्यंत ऑफिसात थांबत असेल, तर कामच फार आहे असं लगेच धरू नका. आणि ठीक असेल तर रविवारची आंघोळ त्याच्याकडे द्या. नात त्याच्याकडेही रडेल. ते ऐकून सुनेला थोडं हलकं वाटेल, की चला, फक्त माझ्याकडेच रडते असं नाही.

पुढच्या भेटीला डॉक्टरांकडे बहुतेक सून आणि मुलगा जात असतील. या वेळी तुम्हीही जा, नातीला घेऊन. तिची झोप आणि खाणं झाल्यावरची वेळ मागा, नाहीतर भुकेचं रडणंही नात्याच्या खात्यावर जमा होईल. आत गेल्यावर नातीला सुनेच्या मांडीवर बसू द्या आणि तुमची खुर्ची तिच्या शेजारी लावा, नातीला दिसेल अशी.